आम्ही केर टाकत नव्हतो

"घरात अलीकडे रंगकाम झालंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मुलीच्या डोळ्यांत काजळ घालता? कुठल्या वैद्याची पुडी, भस्म, असलं काही देता?"

"नाही."

"तिची खेळणी? जुनी, रंग उडालेली?"

"खेळणी विशेष नाहीत तिच्याकडे."

"तुम्ही काय काम करता?"

"ज्वेलरी लाईनमध्ये आहे," मी म्हणालो.

हे अगदीच खोटं नव्हतं. ज्वेलरी लाईन म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढे काचेचं काउंटर आणि इस्त्रीचा शर्ट आला असेल. तसंच यावं अशी माझी इच्छा होती. पण त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवून 'लेड' हा शब्द उच्चारला होता, तेव्हाच ते कुठून आलं हे मला कळलं होतं.

लेड म्हणजे शिसं. मी दहावी झाल्यापासून त्यात हात घालत आलो आहे.

दवाखाना बंगळूरचा. बाई आणि मी हिंदी-कन्नड मिसळून बोलत होतो, इथे मराठीत लिहितो आहे. ज्यांच्यासाठी लिहितो ते आमचेच लोक आहेत. विट्याकडचे, आटपाडीकडचे, गावोगावच्या सराफी पेठांमधून गलाईची भट्टी चालवणारे आणि भट्टीच्या वरच पोरंबाळं वाढवणारे. मी फार बोलणारा माणूस नाही. न बोलून काय होतं, ते मात्र मी पाहिलं आहे.

शाळेतून आलेला फोन

तनुजा, आमची तनू, सात वर्षांची. आदल्या दिवशी शाळेत प्रार्थना चालू असताना ती कोसळली. फोन आला तेव्हा मी भट्टीपुढे होतो. मिस नुसतंच "फिट्स, सार, फिट्स, बेगा बन्नी" म्हणत होत्या. लवकर या. तसाच पळालो. अंगावर भट्टीचे कपडे, पायात चप्पल होती की नव्हती आठवत नाही.

ऑफिसातल्या बाकावर तिला निजवलं होतं. डोळे अर्धे उघडे आणि आत नुसतं पांढरं. एक हात अजून झटके देत होता. मी हाक मारली. मी तिचा बाप आहे हे तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. ऑटोत मी तिला छातीशी आवळून धरलं होतं आणि ऑटोवाला आरशातून पाहत म्हणत होता, "अण्णा, स्वल्प सैल धरा. श्वास घेऊ द्या तिला."

नंतर कळलं, त्या वेळी मी तिच्या तोंडाशी जो शर्ट धरला होता, त्यातच सगळ्याचं मूळ होतं.

हे काही एकाएकी झालं नव्हतं. कितीतरी महिने तिचं पोट दुखायचं. खाल्लेलं उलटायचं. जिन्यावरून पडायची. ओठ पांढरे पडले होते. आम्ही जंताचं औषध दिलं, दृष्ट काढली, गावाकडून अंगारा मागवला. मोठ्या डॉक्टरकडे गेलो नाही, कारण पोट कुणाचं दुखत नाही?

माळा

चिकपेठेच्या मागच्या एका गल्लीत, माझ्या चुलतभावाच्या भट्टीवर, लाकडी माळ्यावर आम्ही राहायचो. भावाला सगळे बापू म्हणतात. त्यानेच मला गावाकडून इथे आणलं, हाताला धरून काम शिकवलं. भाडं घेत नव्हता. बदल्यात मालावर लक्ष ठेवायचं. बंगळूरमध्ये फुकट छप्पर मिळतं म्हटल्यावर शोभा, माझी बायको, बापूच्या पाया पडली होती.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. जुने दागिने वितळवून शुद्ध चांदी-सोनं काढायचं, ते काम म्हणजे गलाई. चांदीत मळ असेल तर शिसं घालून गाळतात. शिसं मळ ओढून घेतं, चांदी मोकळी होते. त्याचा धूर फळ्यांच्या फटींतून वर आमच्या अंथरुणात यायचा. आम्हाला तो धूर वाटतच नसे. घराचा वास वाटायचा.

आणि आमच्यात केर टाकत नाहीत. झाडलेली माती, धातू वितळवायच्या फुटलेल्या मुशी, हात पुसलेली फडकी, आंघोळीच्या पाण्याचा गाळसुद्धा आम्ही साठवतो, कारण त्या सगळ्यात चांदीचे कण असतात. पोती भरली की तो केर जाळून, धुऊन, गाळून घ्यायचा. कारागिराच्या घरची बाई केर उकिरड्यावर टाकू लागली तर तिला उधळी म्हणतात. बापूने एका दिवाळीला सांगितलं, "शोभा, माळ्यावर जेवढा केर निघंल तेवढा तुमचा." तो आमचा बोनस. आमची गादी त्या पोत्यांना टेकवलेली असायची.

केरातला लोखंडाचा कीस आधी काढावा लागतो. ते काम मी तनूला दिलं. लोहचुंबक फिरवायचं, बस. चुंबकाला काळ्या मिशा फुटल्या की ती खदखदून हसायची. मग त्याच बोटांची नखं कुरतडत बसायची. मी खाली भट्टीवरच्या पोरांना कौतुकाने सांगायचो, "माझी पोरगी आत्तापासून धंद्याला लागली."

तीन भाषांचा गोंधळ

पहिलीत ती मागे पडू लागली. काल पाठ झालेलं आज नसे. 'b' आणि 'd' उलटे. मिसने बोलावून सांगितलं, "गमन इल्ला." लक्ष नाही तिचं.

यावर आमच्या घरात एक उत्तर तयार होतं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश, पोर गोंधळणारच. बापू म्हणाला, "तीन घोडी एका टांग्याला जुपल्यावर दुसरं काय हुणार?" शोभालाही पटलं. मलाही पटलं, कारण त्या उत्तराला काही करावं लागत नव्हतं. थोडी मोठी झाली की सुटेल गोंधळ.

सुटला नाही. मग मी शिकवायला बसलो. दिवसभर भट्टीपुढे भाजून निघालेला माणूस काय शिकवणार? सातचा पाढा विचारला की ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी मारायचो. एकदा पट्टीने बोटांवर मारलं, तेव्हा तिने बोटं तोंडात घातली आणि चोखत बसली.

तिच्या सकाळच्या पोटात चहा आणि दोन बटर असत. दूध चहापुरतं. दुपारी भात आणि पातळ सारू, म्हणजे आपलं सार. वाईट ठेवत होतो असं मला कधी वाटलं नाही. गावाकडे आम्ही याहून कमी खाऊन वाढलो होतो. पुढे डॉक्टरबाईंनी सांगितलं, पोट रिकामं असलं, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलं, की शरीर समोर येईल ते घेतं. शिसंच धरून बसतं, हाडांत साठवतं. भरल्या पोटाच्या मुलापेक्षा उपाशी मुलाच्या अंगात ते जास्त मुरतं.

म्हणजे एकच केर, एकच धूर. पण दूध पिणाऱ्या पोराला कमी आणि माझ्या पोरीला जास्त.

शोभाला कळलं तो दिवस

मी शोभाला सांगितलं होतं, "रक्त कमी आहे. इंजेक्शनं द्यावी लागतील."

खरं का सांगितलं नाही? दवाखान्याने कुठे कळवलं, कुणी चौकशीला आलं, तर भट्टी बंद. बापूचं घर, खालच्या सगळ्या कारागिरांची पोटं, आमचं छप्पर, सगळं त्या भट्टीवर. हे एक कारण. दुसरं असं की ते वाक्य तोंडातून काढलं असतं तर ते खरं झालं असतं.

इंजेक्शनं मांडीत खोल द्यायची. पहिल्या वेळी तनू एवढी किंचाळली की शेजारच्या खाटेवरचं बाळ रडायला लागलं. नंतर नंतर ती किंचाळेना. सिस्टर आली की स्वतःच कूस बदलायची आणि भिंतीकडे तोंड करायची. त्याची मला जास्त भीती वाटली.

रोज सकाळी डॉक्टरबाई तिला विचारायच्या: नाव काय, शाळेचं नाव काय, ही बोटं किती. मी खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभा राहायचो. एका सकाळी तिला शाळेचं नाव सांगता आलं नाही. ओठ हलले, कपाळाला आठी पडली, आणि मग ती आठीसुद्धा मावळली. बाई "सरी, सरी", ठीक ठीक, म्हणत पुढच्या खाटेकडे गेल्या.

वॉर्डात एक सिस्टर निपाणीकडची होती, मराठी बोलायची. ती शोभाशी गप्पा मारायची, तिला हक्काने चहाला पिटाळायची. त्या दुपारी मी डबा घेऊन आलो, तर शोभा नळाशी उभी होती आणि सिस्टर बोलत होती.

"अगं, नुसतं रक्त कमी न्हाई अक्का. शिसं हाय पोरीच्या रक्तात. कुठनं आलं ते सापडंना म्हणून डॉक्टर काळजीत हायत. तुमच्या घरात शिसं कुठनं येणार?"

शोभाने वळून माझ्याकडे पाहिलं. शिशाचे पाटे तिने माझ्याबरोबर जिन्यावरून वर-खाली नेले होते. लेड हा शब्द तिला कळला नसता. शिसं तिला हाताने माहीत होतं.

"अवो," ती म्हणाली, "तुमास्नी ठावं हुतं?"

मी हातातला डबा खाली ठेवला.

"ठावं हुतं, आन् मी तिची उशी आणली घरनं. तिला तिचीच उशी पायजे म्हणून. त्याच केरातली उशी!"

ती धावत गेली, तनूच्या डोक्याखालून उशी ओढली आणि खिडकीतून खाली फेकली. तनू रडायला लागली. सगळा वॉर्ड बघत होता. शोभा सिस्टरला म्हणाली, "लिवा. भट्टी हाय आमची. चांदी गाळत्यात. आमी त्याच्यावर झोपतो. ही माझी पोर त्यो केर चाळती. लिवा सगळं." मग माझ्याकडे वळून, "आन् तुमी लांब व्हा. तिच्या खाटंवर बसू नका त्या कापडांनी."

डॉक्टरबाई आल्या. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "निजा हेळी." खरं सांगा. मग मी सांगितलं. आयुष्यात एवढं सलग मी कधीच बोललो नसेन. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या घरात आणखी कुणाची मुलं आहेत?"

जे झालं नाही

बापू दवाखान्यात आला, शहाळी घेऊन. तनूच्या पायाला हात लावून बराच वेळ बसला. बाहेर आल्यावर मात्र म्हणाला, "डॉक्टरचं काय ऐकतो रं? आपण समदे ह्याच्यातच वाढलो. आपल्याला काय झालं?"

हा प्रश्न मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन फिरतो आहे. आपल्याला काय झालं? मला नावं लक्षात राहत नाहीत. क्षुल्लक गोष्टीवर माझा हात उठतो. पोटात कळा येतात, बोटं थरथरतात, आणि मी ते उष्णतेवर घालतो. भट्टीवर आलो तेव्हा मी गणितात वर्गात पहिला होतो. आता हिशेब दोनदा करावा लागतो. हे वयाने झालं, कष्टाने झालं, की शिशाने? तपासून सांगणारा कुणी नाही, कारण भट्टीवर न आलेला मी ताडून बघायला कुठे राहतच नाही.

तनूचंही तेच. डॉक्टरबाईंना मी विचारलं होतं, "पूर्ण बरी होईल?" त्या म्हणाल्या, "रक्तातलं शिसं उतरेल. मेंदूचं जे नुकसान झालंय त्यातलं काही भरून येईल, काही येणार नाही. किती, ते आज कुणी सांगू शकणार नाही." त्या खोटं बोलल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

आकडा पुन्हा वर गेला

तनूला दवाखान्यातून सोडल्यावर आम्ही राजाजीनगरच्या मागच्या अंगाला एक खोली घेतली. एक खिडकी, सिमेंटची जमीन. शोभा रोज ओल्या फडक्याने जमीन पुसायची आणि फडकं उलटून पाहायची. जुनी अंथरुणं, कपडे, काही आणलं नाही. तनूला भाजी, डाळ, रोज दूध. दुधासाठी शोभा एका खानावळीत चपात्या लाटायला जाऊ लागली. चौकशीला कुणी आलं नव्हतं, भट्टी चालू होती आणि मी भट्टीवरच होतो. दुसरं काही येत नव्हतं. निघताना हात-पाय धुवायचो.

तनू हसायला लागली. एकदा माझ्या खांद्यावर नाक घासून म्हणाली, "पप्पा, तुमच्या अंगाला आपल्या जुन्या घराचा वास येतोय." शोभा हसली, मीही हसलो. किती मूर्ख होतो आम्ही.

पुढच्या तपासणीत रक्तातल्या शिशाचा आकडा वर गेला होता.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी तो कागद बघत राहिलो. पुन्हा इंजेक्शनं. पुन्हा झटका आला तर? ह्या वेळी डोळे उघडलेच नाहीत तर? डॉक्टरबाई विचारत होत्या, "घर बदललंत ना? मग?" मला माहीत होतं. संध्याकाळी मी जिन्यावर दिसलो की ती धावत येऊन माझ्या अंगावर उडी मारायची. केसांत, बनियनमध्ये, कानामागे मी तो केर रोज तिच्यासाठी घेऊन येत होतो. घर बदललं, पण घर मीच होतो.

ह्या वेळी मी गप्प बसलो नाही. त्याच बाकावर सगळं सांगितलं. त्यांनी माझंही रक्त घेतलं. ते तनूच्यापेक्षा वाईट निघालं.

बापूला सांगायला गेलो तेव्हा तो मूस उतरवत होता. मला म्हणाला, "जा. पण गल्लीत बोंब मारू नगं. पोटावर पाय येईल सगळ्यांच्या." मी म्हणालो, "बापू, तुझा नातू रांगायला लागलाय." त्याने चिमटा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा म्हणलं न्हवं?"

मी गल्लीतल्या घराघरांत गेलो. बहुतेकांनी पाणी दिलं, चहा दिला, ऐकून घेतलं आणि विषय बदलला. एकाने तोंडावर विचारलं, बापूशी वाटणीचं भांडण झालं काय? मी रागावू शकत नाही. वर्षभरापूर्वी मीही चहाच दिला असता. बापूच्या सुनेचा मात्र चोरून फोन आला. "काका, कुठल्या दवाखान्यात जायचं? काय म्हणून सांगायचं?" मी म्हणालो, "गलाई म्हणून सांग. पहिल्याच प्रश्नाला."

आपल्यातल्या प्रत्येकाला मला एवढंच सांगायचं आहे. पोरगं मंद आहे, हट्टी आहे, लक्ष देत नाही, भाषांत गोंधळलंय, असं म्हणण्याआधी त्याचं रक्त तपासा. त्याला भट्टीजवळ झोपवू नका. भरल्या पोटी ठेवा. आणि मारू नका. जे त्याच्या हातात नाही त्यासाठी मारू नका.

बाटली

आता मी कुरिअरच्या गोदामात पेट्या बांधतो. पगार कमी आहे, पण सुटलो की सरळ शाळेच्या फाटकावर जाऊ शकतो. तनू पुन्हा पहिलीत बसली आहे, वर्गात सगळ्यांत उंच. आकडा हळूहळू उतरतो आहे. वाचायला लागली आहे, बोट ठेवून, एकेक अक्षर चाचपत. सातचा पाढा अजून अर्ध्यात अडकतो. मी विचारणं सोडलं आहे.

पण तिने कप सांडला, की मी तिचा हात बघतो. उत्तर द्यायला वेळ लागला, की तिचे डोळे बघतो. शोभा म्हणते, "अवो, समद्यांचीच पोरं इसरत्यात. तिला जरा पोर ऱ्हाऊ द्या की." मला कळतं. तरी तिचं साधं विसरणं आणि ते दुसरं विसरणं ह्यांत फरक कसा ओळखायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात ती फाटकातून बाहेर आली ती पाण्याच्या बाटलीशिवाय.

"बाटली कुठाय?"

ती थांबली. तिची नजर कुठेतरी लांब गेली. कपाळाला तीच आठी पडली, दवाखान्यातली. मी मनात म्हणत होतो, सांग, काहीही सांग.

"रक्षिताला दिली," ती म्हणाली. "तिची सांडली. मग ती रडत हुती. मग मी दिली."

"आणि मग?"

"मग काय? उद्या मागून घेईन की." माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, तुमी एवढे घामाघूम का झालाय?"

दुसऱ्या दिवशी ती बाटली मागायला विसरली. सकाळी सोडताना तिला आठवण करून द्यायची, असं मी ठरवलं होतं. मीही विसरलो. शोभाने आम्हा दोघांना दारातच धरलं आणि मनसोक्त शिव्या घातल्या. तनू खाली मान घालून हसत होती. मी तिच्याकडे बघत होतो, आणि माझी थरथरणारी बोटं तिला दिसू नयेत म्हणून मी ती खिशात घट्ट मिटून घेतली होती.